संशोधनासाठी सॉफ्टवेअर निवडताना

वैज्ञानिक संशोधनात लागणाऱ्या सॉफ्टवेअरची विभागणी विषयाऐवजी कामाच्या टप्प्यानुसार केली, तर निवड सोपी जाते. आधीचे लेखन शोधणे आणि सांभाळणे, मोजमापे गोळा करणे, ती तक्त्यात बसवणे, त्यांचे विश्लेषण, त्या-त्या विषयाची खास कामे, लेखन आणि शेवटी सगळे जपून ठेवणे असे हे टप्पे. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा असो की समाजशास्त्राचा विभाग, मधले एक-दोन टप्पे सोडले तर बाकीचे सारखेच. ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते’ या प्रश्नाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. कच्च्या नोंदीपासून छापील आकड्यापर्यंत काय काय झाले याचा माग मागे राहतो का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. तोंडी परीक्षेत एखाद्या आलेखावर बोट ठेवून ‘हा कसा काढला?’ असे विचारले गेले, तर तोच आलेख पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. पुढची सगळी चर्चा या एका कसोटीवर आहे.

वाचन आणि संदर्भ

शोधासाठी गूगल स्कॉलर सर्व विषयांना चालते, पण त्यात काय धरले आहे आणि काय गळले आहे हे बाहेरून कळत नाही. पद्धतशीर आढावा घ्यायचा असेल तर एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. जीववैद्यक विषयांत पबमेड, भौतिकी आणि गणितात १९९१ पासून चालू असलेले आर्काइव्ह, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा ही ठरलेली ठिकाणे. कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकून शोधले आणि किती निबंध हाती लागले, याची नोंद त्याच दिवशी करावी. पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला बसल्यावर ती नोंद नसल्याची किंमत कळते.

सापडलेले निबंध सांभाळण्यासाठी झोटेरो, मेंडली, एंडनोट ही संदर्भ-व्यवस्थापन करणारी सॉफ्टवेअर आहेत. एंडनोट विकत घ्यावे लागते. मेंडली २०१३ पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचे आहे. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झाले आणि ते मोफत व मुक्तस्रोत आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने झोटेरो घ्यावे. ब्राउझरमधल्या एका बटणावर निबंधाची माहिती आत येते, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना संदर्भ घालता येतो आणि नियतकालिक बदलले की संपूर्ण संदर्भसूची नव्या शैलीत पालटते. एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर झोटेरो तशी सूचनाही देते.

आपोआप आलेली माहिती मात्र डोळ्यांखालून घालावीच लागते. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल, नियतकालिकाचे नाव अर्धवट, पृष्ठक्रमांक गायब, हे नेहमीचेच. मराठी पुस्तके आणि जुने अंक बहुतेक वेळा हातानेच भरावे लागतात. एआय चॅटबॉटकडून संदर्भ मागवण्याची सवय अलीकडे वाढली आहे. त्याने दिलेल्या संदर्भात लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्षही पटण्याजोगे आणि निबंध मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे घडते. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) उघडून मूळ निबंध समोर आल्याशिवाय तो सूचीत घेऊ नये.

नोंदी गोळा करताना

क्षेत्रभेटीच्या कामात कागदी प्रश्नावलीची जागा आता कोबोटूलबॉक्स आणि ओडीके यांसारख्या मोबाइल प्रश्नावल्यांनी घेतली आहे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, रेंज नसलेल्या गावातही चालतात आणि नेट मिळाले की भरलेले फॉर्म पाठवतात. प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत शेजारी-शेजारी ठेवता येतात. सर्वांत मोठा फायदा अटी घालण्याचा आहे. वयाच्या रकान्यात २७ ऐवजी २७० भरले गेले तर फॉर्म जागेवरच अडवतो. कागदावर ही चूक तीन महिन्यांनी, घरी परतल्यावर सापडते आणि तोवर ते गाव दोनशे किलोमीटर मागे पडलेले असते. वैद्यकीय संशोधनात रुग्णांची माहिती असल्याने कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला याची आपोआप नोंद ठेवणारी रेडकॅपसारखी प्रणाली वापरतात.

प्रयोगशाळेत उपकरणाबरोबर आलेले सॉफ्टवेअर नोंदी स्वतःच्या खास स्वरूपात साठवते. स्वतः उपकरणे जोडायची असतील तर लॅबव्ह्यू किंवा, स्वस्तात, आर्डुइनो आणि पायथॉन यांची जोडी लागते. दोन्ही ठिकाणी नियम एकच. उपकरणाची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि तिची साधी मजकूर-स्वरूपातली प्रतही त्याच दिवशी काढावी. उपकरण बदलले किंवा कंपनीने सॉफ्टवेअर बंद केले, तर मूळ फाइल उघडायला यंत्रच उरत नाही.

एक्सेल नावाचे दुधारी अवजार

संशोधनात सर्वाधिक वापर कशाचा होतो हे विचारले तर प्रामाणिक उत्तर एक्सेल हेच येईल. नोंदी भरायला ते उत्तम आहे. भानगड सुरू होते ती भरलेल्या नोंदींना ते परस्पर अर्थ लावू लागते तेव्हा. मानवी जनुकांपैकी एकाचे संक्षिप्त नाव ‘सेप्ट२’ असे होते. एक्सेलमध्ये ते टाकले की घरात ‘२-सप्टेंबर’ उमटायचे. ‘मार्च१’ या जनुकाचीही तीच गत. २०१६ मध्ये जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार, निबंधासोबत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी माघार घेतली ती जीवशास्त्रज्ञांनी. २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने ही नावे बदलून ‘सेप्टिन२’, ‘मार्चएफ१’ अशी केली. असे आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

दुसरी मर्यादा ओळींची. जुन्या एक्सएलएस स्वरूपात ६५,५३६ ओळी मावत, नव्यात १०,४८,५७६ मावतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविड चाचण्यांचे अहवाल जुन्या स्वरूपात ओतले गेले, मर्यादेपलीकडच्या ओळी गळाल्या आणि जवळजवळ १६,००० रुग्ण काही दिवस मोजणीतच आले नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध तेवढाच लांबला.

पण रोजच्या कामातली खरी पडझड याहून साधी असते. एका तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीची शीट डोळ्यांपुढे आणावी. ‘पातळी’ या रकान्यात कुठे ४.२ आहे, कुठे ०, कुठे आडवी रेघ, एका घरात ‘निरंक’, एकात ‘कोरडी’ आणि काही घरे नुसतीच रिकामी. भरणाऱ्याला त्या दिवशी प्रत्येकाचा अर्थ पक्का ठाऊक होता. सहा महिन्यांनी त्यालाही तो सांगता येत नाही. जमिनीपासून पाणी किती खोल आहे हे मोजले असेल तर ० म्हणजे विहीर तुडुंब. तळापासून पाण्याची उंची मोजली असेल तर ० म्हणजे विहीर कोरडी. ‘निरंक’ हा सरकारी कागदावरचा शब्द तर ‘काही नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. सरासरी काढताना एक्सेल रिकामी घरे आणि मजकूर वगळते, शून्य मात्र धरते. म्हणजे त्या तालुक्याची सरासरी पाणीपातळी विहिरींवर जितकी अवलंबून, तितकीच भरणाऱ्याच्या हातावर.

याच शीटमध्ये तारीख ०३/०४ अशी आहे. ती ३ एप्रिल की ४ मार्च हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते, म्हणून वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, वर्ष चार अंकी लिहावे. गावाच्या रकान्यात ‘वडगाव’ आहे. महाराष्ट्रात वडगावांना तोटा नाही, त्यामुळे नावाशेजारी जनगणनेतला गावाचा संकेतांक हवा. ‘कोरेगाव’ आणि ‘कोरेगांव’ ही वाचणाऱ्याला एकच, संगणकाला दोन गावे. काही आकडे देवनागरीत टंकलेले असतील तर कित्येक प्रोग्राम त्यांना संख्या न मानता मजकूर मानतात. सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठवलेली नसेल तर दुसऱ्या संगणकावर सगळ्या मराठी नावांची खिचडी होते.

उपाय कंटाळवाणे पण सोपे आहेत. एका ओळीत एकच निरीक्षण, एका रकान्यात एकच गोष्ट. घरे जोडायची नाहीत. रंगाला अर्थ द्यायचा नाही, कारण पिवळ्या घराचा अर्थ पुढच्या प्रोग्रामला कळत नाही. शंकास्पद नोंदीसाठी वेगळा रकाना करावा. न मिळालेल्या नोंदीसाठी एकच ठरलेले चिन्ह. रकान्यांचा अर्थ, एकक आणि मोजण्याची पद्धत सांगणारे वेगळे पान. आणि मूळ शीट ‘रीड-ओन्ली’ करून बाजूला ठेवायची, दुरुस्त्या प्रतीवर. सफाईसाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन फार कामाचे आहे. एकाच नावाची वेगवेगळी लेखने ते गटांनी समोर मांडते आणि केलेल्या प्रत्येक बदलाची यादी ठेवते. एक्सेलमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ केले की काय बदलले हे विसरले जाते, इथे ते लिहून राहते.

सांख्यिकी: मेनू की मजकूर

संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचे दोन वंश आहेत. एकात मेनूतून पर्याय निवडायचे, दुसऱ्यात आज्ञा लिहायच्या. एसपीएसएस हे पहिल्या वंशाचे ठळक नाव. १९६८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये समाजशास्त्रीय पाहण्यांसाठी ते तयार झाले, २००९ मध्ये आयबीएमने ते विकत घेतले. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य या विभागांत आजही त्याचेच राज्य आहे. वैद्यक आणि जीवशास्त्रात ग्राफपॅड प्रिझम, भौतिकी-रसायनात आलेखांसाठी ओरिजिन अशी वाटणी दिसते. सगळी महाग. तशाच मेनूंची पण मोफत अशी जामोवी आणि जास्प ही दोन साधने आहेत, आणि प्रबंधात नेहमी लागणाऱ्या चाचण्या त्यांत होतात. एसपीएसएसच्या फाइली उघडू शकणारे पीएसपीपी हेही मोफत आहे.

मेनूत दोष नाही, पण क्लिकचा माग राहत नाही. एसपीएसएसमध्ये यावर एक तोडगा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चाचणीच्या खिडकीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ नावाचे बटण असते. ते दाबले की निवडलेले सगळे पर्याय आज्ञांच्या रूपात एका फाइलीत उतरतात. ती फाइल जपली की संपूर्ण विश्लेषण पुन्हा चालवता येते. मार्गदर्शकांनी ‘तीन गट घेऊन पुन्हा करा’ म्हटले, तर दोन दिवसांचे काम दहा मिनिटांवर येते.

दुसऱ्या वंशात आर ही भाषा आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. बेल लॅब्जमधली एस ही तिची पूर्वज. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती आली. आज तिच्या अधिकृत भांडारात वीस हजारांहून जास्त पॅकेजे आहेत आणि नवी सांख्यिकी पद्धत प्रसिद्ध झाली की बहुधा आधी आरमध्येच हाती येते. शिकायला पहिले दोन महिने जड जातात हे खरे. एकदाच एक टी-चाचणी करायची असेल तर एवढी खटपट करण्यात अर्थ नाही, पण पीएचडीच्या तीन-चार वर्षांत तीच पद्धत दर हंगामाच्या नोंदींवर चालवायची असेल तर ती वसूल होते.

आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवणे ही औपचारिकता नव्हे. २०१९ मध्ये आलेल्या आरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची अंतर्गत पद्धत बदलली. तेव्हापासून तीच आज्ञा, तोच ‘सीड’ (यादृच्छिक निवडीचा आरंभीचा आकडा) देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना निघू शकतो. नमुन्याचा आकार किती हवा हा प्रश्न तर विश्लेषणाच्या कितीतरी आधीचा. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे आणि ते नोंदी गोळा करण्यापूर्वी उघडायचे असते. आधी दीडशे प्रश्नावल्या भरून मग तोच आकडा बरोबर ठरवणारे गणित शोधणे, हा उलटा धंदा सर्रास चालतो.

प्रोग्राम लिहिण्याची वेळ आली की

आकडेमोड तक्त्यात मावेनाशी झाली की पायथॉन, मॅटलॅब किंवा ज्युलिया यांकडे वळावे लागते. मॅटलॅब १९८४ पासून बाजारात आहे आणि अभियांत्रिकीत, विशेषतः संकेत-प्रक्रिया आणि नियंत्रणाच्या कामात, त्याच्या तयार संचांना तोड नाही. परवाना संस्थेकडे असेल तर जरूर वापरावे. नसेल तर ऑक्टेव्ह बऱ्याच अंशी मॅटलॅबचीच भाषा समजते. (या नावाचा संगीतातल्या सप्तकाशी संबंध नाही, ते ऑक्टेव्ह लेव्हनश्पील या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून ठेवले आहे.) सायलॅब हाही एक मोफत पर्याय. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशा मुक्त साधनांचा महाविद्यालयांत प्रसार करतो, आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात अनेक सॉफ्टवेअरचे धडे मराठी निवेदनात ऐकता येतात.

नव्याने शिकणाऱ्यासाठी पायथॉन बहुतेक वेळा बरे. नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब या तीन संचांवर निम्मे विज्ञान चालते म्हटले तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. त्याच्या जोडीला ज्युपिटर नोटबुक येते. त्यात प्रोग्राम, आलेख आणि टिपण एकाच पानावर राहते. लायगो वेधशाळेने सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली, त्या नोंदी आणि त्या कशा हाताळायच्या हे दाखवणाऱ्या ज्युपिटर नोटबुक सगळ्यांसाठी खुल्या आहेत. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा सराव नुसता हौसेचा राहत नाही. नोटबुकमध्ये एक खोड आहे. तिचे कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. खालचा आधी, वरचा नंतर असे चालवून मिळालेले उत्तर पडद्यावर टिकते आणि पान वरून खाली वाचणाऱ्याला मात्र ते मिळत नाही. म्हणून दिवस संपताना ‘रीस्टार्ट अँड रन ऑल’ करून सगळे पुन्हा चालते का ते पाहावे.

लिहिलेला प्रोग्राम चालला म्हणजे बरोबर आहे असे नव्हे. एनएमआर वर्णपटांच्या आकडेमोडीसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉन प्रोग्रामविषयी २०१९ मध्ये उघडकीस आले की वेगवेगळ्या संगणकांवर तो वेगळी उत्तरे देऊ शकतो. कारण क्षुल्लक होते. फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागितल्यावर ती कोणत्या क्रमाने येईल हे ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असते आणि प्रोग्रामने तो क्रम गृहीत धरला होता. क्रम लावण्याची एक आज्ञा घातली असती तर भागले असते. यावरचा व्यवहारी उपाय असा, की उत्तर आधीच माहीत असलेले एक छोटे उदाहरण प्रोग्रामला द्यावे आणि तो प्रोग्राम शक्यतो दुसऱ्याच्या संगणकावरही चालवून पाहावा.

विषयागणिक वेगळी साधने

सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून पेशी मोजणे, क्षेत्रफळ काढणे यासाठी इमेजजे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी घडवलेले मोफत सॉफ्टवेअर आणि त्याचीच भर घातलेली आवृत्ती फिजी जगभर वापरतात. चित्र जेपेगमध्ये साठवले तर तपशील दाबला जातो, म्हणून टिफ ठेवावे. उजळपणा बदलायचा तर संपूर्ण चित्राचा आणि तुलनेतल्या सगळ्या चित्रांचा सारखाच. रेणूंच्या हालचालींचे अनुकरण करायला ग्रोमॅक्स, घन पदार्थांच्या इलेक्ट्रॉनरचनेसाठी क्वांटम एस्प्रेसो अशी साधने आहेत. ती लिनक्सवर, आणि मोठी गणिते पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर चालतात. तिथे काम रांगेत टाकून वाट पाहावी लागते, त्यामुळे छोट्या प्रारूपावर चाचणी न घेता थेट मोठे काम टाकणे म्हणजे आठवडा वाया घालवण्याची तयारी.

नकाशांच्या कामात क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर सशुल्क आर्कजीआयएसच्या तोडीस तोड उभे आहे. इथली नेहमीची चूक प्रक्षेपणाची. अक्षांश-रेखांशातल्या नकाशावरून सरळ क्षेत्रफळ मागितले तर ‘चौरस अंश’ असे निरर्थक एकक हाती येते. पुण्याच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, अक्षांशाचा मात्र सुमारे १११ किलोमीटरचा. म्हणून आधी मीटरमध्ये मोजणारे प्रक्षेपण निवडावे लागते. त्यात महाराष्ट्राची एक अडचण आहे. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपण-पद्धतीतली ४३ आणि ४४ या विभागांची सीमा ७८ पूर्व रेखांशावर आहे आणि ती रेषा विदर्भातून जाते. पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. अमरावती आणि वर्धा शेजारी-शेजारी जिल्हे, पण दोन्हींचे थर एकाच नकाशात घेताना कोणता विभाग धरला हे ठरवून लिहावे लागते. संपूर्ण राज्याच्या कामाला तर दोन्ही न धरता समक्षेत्र प्रक्षेपण घेणे योग्य.

खास सॉफ्टवेअर किती खास असू शकते हे पाहायचे तर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहावी. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती थेट चित्र काढत नाही. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीच्या संकेतांची तुलना होते आणि ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. या नोंदी आधी दुर्बिणीच्या स्वतःच्या स्वरूपात असतात, त्या खगोलशास्त्रातल्या सर्वमान्य फिट्स स्वरूपात आणाव्या लागतात. मग मोबाइल मनोरे, विजेच्या तारा, उपग्रह यांनी बिघडवलेला भाग खुणा करून वगळायचा. त्यानंतर ज्याची तेजस्विता नेमकी माहीत आहे अशा स्रोताच्या निरीक्षणावरून प्रमाणीकरण. शेवटी चित्र, आणि त्यातले दुर्बिणीच्या रचनेमुळे आलेले खोटे ठसे काढून टाकण्यासाठी क्लीन ही १९७४ मध्ये यान हॉगबॉम यांनी मांडलेली रीत. ही कामे पूर्वी एआयपीएसमध्ये, आता मुख्यतः कासा या सॉफ्टवेअरमध्ये होतात. जीएमआरटीसाठी फ्लॅगकॅल आणि कॅप्चर असे तयार क्रमही इथल्याच संशोधकांनी लिहिले आहेत. तयार क्रम चालवला की काही तासांत चित्र हाती येते, पण किती टक्के नोंदी वगळल्या गेल्या हे न पाहता ते चित्र वापरणाऱ्याची फसगत होते. एखाद्या स्रोताची झटकन बदलणारी तेजस्विता सॉफ्टवेअरला गोंगाट वाटू शकते.

लेखन

समीकरणे भरपूर असतील तर लेटेक, नसतील तर वर्ड किंवा लिब्रेऑफिस, हा साधा निकष पुरतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक घडवले आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक रचले. त्यातली फाइल साधा मजकूर असते, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचीही बहुधा उघडते. अनेकांना मिळून लिहायचे असेल तर ओव्हरलीफवर ब्राउझरमध्येच काम होते. देवनागरीसाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक आणि युनिकोड फॉन्ट हवा. संस्कृत-मराठी शास्त्रीय लेखनासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा फॉन्ट मोफत आहे.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांचा खरा प्रश्न फॉन्टचाच आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलीत साठलेले असते ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट काढून घेतला की उरतो अर्थहीन मजकूर. असा प्रबंध शोधगंगेवर चढला तरी त्यात शब्द शोधता येत नाही आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याला दिलेल्या टक्केवारीला काही अर्थ राहत नाही. टंकलेखन बाहेर करून घेतानाच ‘युनिकोडमध्ये हवे’ असे बजावून सांगावे. आधीचे रूपांतरित करायचे तर परिवर्तक मिळतात, मात्र रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार पुन्हा वाचून पाहावे लागतात.

साम्य तपासणीबद्दल दोन शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० व ६० हून अधिक अशा चढत्या पायऱ्या आहेत. सॉफ्टवेअर फक्त शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत उचलली तर ते गप्प बसते आणि प्रयोगपद्धतीचे ठरीव वाक्य आले तर बोट दाखवते. त्यामुळे आकडा खाली आणण्यासाठी सरळ वाक्ये वाकडी करत बसण्यापेक्षा अहवाल उघडून कोणती वाक्ये रंगली आहेत ते पाहणे शहाणपणाचे.

जपणूक, परवाने आणि श्रेय

‘प्रबंध_फायनल’, ‘प्रबंध_फायनल२’, ‘प्रबंध_सरांनी_बघितलेला_नवा’ ही नावे प्रत्येक विभागातल्या संगणकावर सापडतात. प्रोग्राम आणि लेटेक फाइलींसाठी यावर गिट हा उपाय आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी ते लिहिले. प्रत्येक टप्प्याची नोंद, कारणासह, त्यात राहते आणि कोणत्याही जुन्या स्थितीला परतता येते. वर्ड फाइली आणि अवाढव्य नोंदी त्यात कोंबू नयेत. वर्डसाठी नावाच्या सुरुवातीला तारीख घालण्याची साधी शिस्त पुरते. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम मात्र सगळ्यांना लागू. पेनड्राइव्ह हा प्रवासाचा डबा आहे, कोठार नव्हे. काम प्रसिद्ध झाले की नोंदी आणि प्रोग्राम झेनोडोवर ठेवता येतात. युरोपातल्या सर्न संस्थेचे हे भांडार मोफत आहे आणि ठेवलेल्या प्रत्येक संचाला डीओआय देते, म्हणजे इतरांना त्याचा संदर्भ देता येतो.

परवान्याच्या बाबतीत गैरसमज बरेच. विद्यापीठाचा परवाना विद्यार्थी बाहेर पडताच संपतो आणि त्या सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपातल्या फाइली कुलूपबंद होतात. निघण्यापूर्वी सगळे सीएसव्हीत काढून घ्यावे. ‘क्रॅक’ केलेली प्रत हा त्याहून वाईट मार्ग. तिच्यातून संगणकात काय शिरेल याची खात्री नसते, ती अद्ययावत होत नाही, आणि निबंधात तिचे नाव लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध लेखी पुरावा देणे. मोफत पर्याय नसलेली कामे आता थोडीच उरली आहेत.

निबंधाच्या पद्धती-विभागात सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, वापरलेली पॅकेजे आणि बदललेली सेटिंग एवढे आलेच पाहिजे. ‘विश्लेषण एसपीएसएसमध्ये केले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘विश्लेषण आर ४.३.१ मध्ये केले. मिश्र प्रारूपासाठी एलएमई४ पॅकेज वापरले, गाव हा यादृच्छिक घटक धरला, अपूर्ण नोंदी वगळल्या, प्रोग्राम आणि नोंदी सोबतच्या डीओआयवर आहेत’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काम पुन्हा करून पाहता येते. मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मोबदला मिळतो तो बहुधा संदर्भांतूनच, आणि त्यासाठी काय लिहावे हे आर स्वतःच सांगते. त्यात पॅकेजच्या नावासह ‘सायटेशन’ ही आज्ञा दिली की त्या पॅकेजचा तयार संदर्भ पडद्यावर येतो. तो उचलून संदर्भसूचीत घालावा.